चित्र सरकते, जमीन जागेवर राहते : गूगल अर्थ प्रोच्या टाइम स्लायडरचे परीक्षण

तुर्कस्तानच्या आग्नेय भागात तैग्रिस नदीच्या काठी हसनकेफ नावाचे प्राचीन गाव होते. उपग्रहचित्रांतून पृथ्वी दाखवणाऱ्या गूगल अर्थ प्रो या प्रणालीत त्या ठिकाणी जाऊन घड्याळाच्या चिन्हावर क्लिक केले आणि वरच्या कोपऱ्यात उघडणारी काळाची पट्टी, म्हणजे टाइम स्लायडर, हळूहळू डावीकडे ओढली, की कड्याच्या पायथ्याशी दाटीने बसलेली घरे, बाराव्या शतकातल्या पुलाचे नदीपात्रात उरलेले जाडजूड खांब आणि झैनेल बे यांच्या पंधराव्या शतकातल्या, नदीकाठी एकट्याच उभ्या असलेल्या कबरीचा लहानसा गोल ठिपका दिसू लागतो. पट्टी पुन्हा उजवीकडे नेली की आधी तो ठिपका नाहीसा होतो, कारण सुमारे ११०० टन वजनाची ती कबर मे २०१७ मध्ये अखंड उचलून दोनेक किलोमीटर दूर नेण्यात आली. त्यानंतर इलिसू धरणाचे पाणी चढत जाते आणि २०२० नंतरच्या चित्रांत गावाच्या जागी जलाशयाचा एकसलग रंग उरतो. हे सारे पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि नाहीशा झालेल्या स्थळांचा शोध घेणाऱ्याच्या हाती इतक्या सहज येणारे दुसरे साधन माझ्या तरी पाहण्यात नाही.

हे परीक्षण त्या पट्टीचे आहे, संपूर्ण गूगल अर्थचे नाही. रस्ते शोधणे, घर बघणे, समुद्रतळ किंवा मंगळ फिरून येणे या सोयींबद्दल येथे काही म्हणायचे नाही. हरवलेली वास्तू किंवा बुडालेला, खणला गेलेला, आटलेला भूप्रदेश पडद्यावर पुन्हा उभा करू पाहणाऱ्याला हे साधन कुठवर नेते आणि कुठे सोडून देते, एवढाच प्रश्न मी गेली काही वर्षे ते वापरताना स्वतःला विचारत आलो आहे.

ही पट्टी २००९ साली गूगल अर्थच्या पाचव्या आवृत्तीत आली. संगणकावर बसवायची प्रो आवृत्ती २०१५ च्या जानेवारीपासून मोफत आहे, आणि २०२४ मध्ये जुनी चित्रे पाहण्याची सोय ब्राउझरमध्ये व फोनवरही उपलब्ध झाली. नुसते पाहायचे असेल तर ब्राउझर पुरेसा आहे. मोजायचे, जुने नकाशे अंथरायचे आणि स्वतः तयार केलेली इमारत उभी करायची असेल तर प्रो आवृत्तीच घ्यावी. पुढचे सारे विवेचन प्रो आवृत्तीला धरून आहे.

या पट्टीची खरी ताकद कळायला पोलंडमधले वॉर्सा शहर पाहावे. २०१० साली दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ले झालेल्या युरोपातल्या अनेक शहरांची जुनी हवाई छायाचित्रे गूगल अर्थमध्ये आली, त्यांत वॉर्साची १९३५ आणि १९४५ सालची कृष्णधवल चित्रे आहेत. पहिल्यात दाट छपरांची वस्ती आहे. दुसऱ्यात छपरेच नाहीत. नुसत्या भिंती उभ्या राहिल्यामुळे प्रत्येक घर वरून उघड्या खोक्यासारखे दिसते, आणि खोक्याला खोके लागून सारा मोहल्ला मधमाश्यांच्या रिकाम्या पोळ्यासारखा भासतो. ऐतिहासिक शहराचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला, हे वाक्य मी अनेकदा वाचले होते, पण टक्केवारी म्हणजे काय ते मला या पोळ्यापाशी थांबल्यावर कळले. पट्टी तशीच आजपर्यंत आणली की जुन्या शहराची लाल छपरे परत आलेली दिसतात. ही छपरे मूळची नाहीत. अठराव्या शतकात बर्नार्दो बेलोत्तो याने रंगवलेली शहराची दृश्ये आणि युद्धापूर्वी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी केलेली मोजणीची रेखाटने यांच्या आधारे तो भाग युद्धानंतर नव्याने बांधला गेला, आणि १९८० साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. उपग्रहाला यातले काही ठाऊक नसते. त्याच्या लेखी छप्पर होते, मग नव्हते, मग पुन्हा आहे. पुनर्रचनेचा अभ्यास करणाऱ्याने या साधनाची ही पहिली मर्यादा मनाशी पक्की धरावी, कारण मूळ आणि प्रतिकृती यांतला फरक येथे कधीच दिसणार नाही.

दुसरे ठिकाण सीरियातले प्राचीन शहर पाल्मिरा. इस्लामिक स्टेटने २०१५ च्या ऑगस्टमध्ये तेथले बालशामिनचे मंदिर आणि त्यापाठोपाठ इसवी सन ३२ मध्ये अर्पण झालेले बेलचे मंदिर सुरुंग लावून उडवले. बेलच्या गाभाऱ्याचा केवळ प्रवेशद्वाराचा भाग उभा राहिला. पट्टीवर आधीचे आणि नंतरचे चित्र आलटून पालटून पाहताना नजर साहजिकच ढिगाऱ्याकडे जाते, परंतु माझ्या मते पाहायची गोष्ट ढिगारा नसून सावली आहे. वरून घेतलेल्या चित्रात इमारतीची उंची दिसत नाही, तिची सावली मात्र दिसते. आणि एकाच चित्रात सूर्य एकाच ठिकाणी असल्यामुळे सपाट जमिनीवरच्या सर्व उभ्या वस्तूंची उंची आणि त्यांच्या सावलीची लांबी यांचे गुणोत्तर एकसारखे असते. म्हणून त्याच चित्रात उंची ठाऊक असलेला एखादा खांब सापडला, की मापपट्टीने दोन्ही सावल्या मोजून पडलेल्या वास्तूची उंची त्रैराशिकाने काढता येते. बेलच्या मंदिराची मोजमापे अभ्यासकांनी ते पडण्यापूर्वीच प्रसिद्ध केलेली असल्यामुळे ही रीत तपासून पाहायला ते ठिकाण उत्तम आहे. सावली एखाद्या ओट्यावर किंवा उतारावर पडत असेल तर हिशेब फसतो, आणि सावलीच्या कडेचा अंधुक भाग आत धरायचा की बाहेर, याचा निर्णय स्वतःलाच करावा लागतो. तरीही मोफत मिळणाऱ्या चित्रातून आणि शाळेत शिकलेल्या गणितातून नाहीशा झालेल्या भिंतीची उंची हाती लागते, यात मला अजूनही मौज वाटते.

मोजमापाच्या बाबतीत एक इशारा मात्र स्वतःच्या फजितीसह द्यायला हवा. वेगवेगळ्या तारखांची चित्रे एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. उपग्रह प्रत्येक वेळी निराळ्या कोनातून पाहत असल्यामुळे काही मीटरांचा सरकाव सहज राहतो. एका ढासळलेल्या तटबंदीची रेघ दोन चित्रांत थोडी निराळी पाहून मी तो तट दोनदा बांधला गेला असावा, असा निष्कर्ष मोठ्या उत्साहाने वहीत टिपून ठेवला होता. शेजारचा डांबरी रस्ताही तेवढाच आणि त्याच दिशेला सरकला आहे, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आले. तेव्हापासून कोणतेही मोजमाप घेण्यापूर्वी दोन्ही चित्रांत न बदललेल्या तीन खुणा शोधायच्या, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

आता या साधनातल्या सर्वांत मोठ्या त्रुटीकडे वळतो, कारण ती डोळ्यांना दिसत असूनही बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पट्टी सरकवली की चित्र बदलते, पण त्या चित्राखालची जमीन बदलत नाही. गूगल अर्थमध्ये डोंगरदऱ्यांचा उंचसखलपणा हा एक वेगळा थर आहे आणि उपग्रहचित्र त्यावर चादरीसारखे पसरलेले असते. जगाच्या बऱ्याच भागासाठी अशा थराचा पाया म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने केलेली मोजणी. नंतर ठिकठिकाणी अधिक चांगली मोजमापे त्यात भरली गेली असली, तरी एका वेळी उंचीचा एकच थर असतो आणि काळाच्या पट्टीशी त्याचा काहीही संबंध नसतो. त्यामुळे दगडाच्या खाणीने अर्धा पोखरलेला डोंगर घेतला आणि खाण सुरू होण्यापूर्वीचे चित्र लावले, तर शाबूत डोंगरावरची झुडपे खाणीच्या खड्ड्यात उतरलेली दिसतात. धरणाच्या जलाशयाचेही असेच आहे. उंचीची मोजणी धरणापूर्वीची असेल तर नव्या चित्रातले पाणी दरीच्या उतारावर चढून बसल्यासारखे दिसते. मोजणी धरणानंतरची असेल तर जुने गाव, त्याची गल्लीबोळे आणि नदीचा काठ हे सारे पाण्याच्या सपाट पातळीवर डकवल्यासारखे वाटते.

हा केवळ दिसण्याचा दोष नाही. इजिप्तमधल्या अबू सिंबलचे उदाहरण घ्यावे. आस्वानच्या उंच धरणामुळे बुडणारी प्राचीन राजा रामसेस दुसरा याची मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात तुकडे करून कापली गेली आणि मूळ जागेपासून ६५ मीटर उंचावर पुन्हा जोडली गेली. मंदिर मूळ कड्यात असताना नदी त्याच्या किती जवळून वाहत होती, होडीतून येणाऱ्याला ते पहिल्यांदा कुठून दिसत असेल, समोरच्या काठावर काय होते, हे प्रश्न वारसास्थळाच्या दृष्टीने मंदिराच्या मोजमापांइतकेच महत्त्वाचे आहेत. त्यांची उत्तरे या साधनातून मिळत नाहीत. रडारच्या लहरी पाण्याच्या आत जात नाहीत, म्हणून २००० सालच्या मोजणीला त्या ठिकाणी फक्त सरोवराचा पृष्ठभाग दिसला, आणि त्याखालचे नाईलचे खोरे त्या थरात मुळी अस्तित्वातच नाही. ते हवे असेल तर धरणापूर्वीच्या नकाशांवरील समोच्च रेषा एकेक करून गिरवाव्या लागतात, त्यांतून उंचीचा नवा थर तयार करावा लागतो, आणि तो पाहायला दुसरी प्रणाली वापरावी लागते, कारण गूगल अर्थ प्रोमध्ये स्वतःची जमीन घालण्याची सोय नाही. उंची तिपटीपर्यंत फुगवून दाखवण्याची सोय आहे. ती चित्रफितींना भारदस्तपणा आणते, अभ्यासाला नाही.

जुने नकाशे अंथरण्याची सोय मात्र मनापासून आवडावी अशी आहे. स्कॅन केलेला नकाशा आणून त्याचे कोपरे ओढायचे, तो फिरवायचा, आणि पारदर्शकतेची कळ मागेपुढे करत खालची आजची जमीन व वरची जुनी रेघ यांची सांगड घालायची. पारदर्शकता निम्म्यावर आणली की बुजलेल्या खंदकाच्या जागी आजही किंचित वाकडा राहिलेला रस्ता आणि नकाशातला खंदक एकमेकांवर येतात, तो क्षण या सगळ्या खटाटोपाचे मोल देऊन जातो. परंतु हे साधन नकाशा फक्त ताणू, फिरवू आणि तिरका करू शकते; रबरासारखा ठिकठिकाणी वेगवेगळा ताणू शकत नाही. जुन्या नकाशांतल्या चुका सर्वत्र सारख्या नसतात, त्यामुळे एक कोपरा बसवला की दुसरा निसटतो. यावर उपाय म्हणजे क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत प्रणालीत नकाशावर दहा-पंधरा बिंदू जुळवून तो आधी सरळ करून घ्यावा आणि मगच येथे आणावा.

अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांच्या चित्रांसाठी तर ही पायरी टाळताच येत नाही. १९६० ते १९७२ या काळात घेतलेली आणि १९९५ साली गोपनीयतेतून मुक्त झालेली ही ८ लाख ६० हजारांहून अधिक चित्रे हरवलेल्या भूप्रदेशांचा खजिना आहेत, कारण मोठी धरणे, यांत्रिक नांगरट आणि शहरांची वाढ यांच्या आधीचे जग त्यांत शाबूत आहे. सीरियाच्या ईशान्य भागातल्या प्राचीन वस्त्यांपासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या, हजारो वर्षांच्या वर्दळीने खोलगट झालेल्या वाटा या चित्रांत स्पष्ट दिसतात, आणि त्यांतल्या कित्येक आज नांगराखाली मिटल्या आहेत. ही फिल्म अवकाशातून कुपीत घालून खाली सोडली जाई आणि विमान ती कुपी हवेतल्या हवेत झेलत असे. इतक्या द्राविडी प्राणायामाने आलेले चित्र आज घरबसल्या उतरवून घेता येते. मात्र तो कॅमेरा डावीकडून उजवीकडे झुलत चित्र घेत असल्यामुळे चित्राची दोन्ही टोके मधल्या भागापेक्षा अधिक ताणलेली असतात, आणि केवळ कोपरे ओढून ते जमिनीवर बसवण्याचा प्रयत्न व्यर्थ ठरतो.

स्वतः तयार केलेली त्रिमितीय इमारत या जगात उभी करण्याची सोय, माझ्या मते, या साधनाचा सर्वांत दुर्लक्षित गुण आहे. ब्लेंडरसारख्या त्रिमितीय आकार घडवण्याच्या प्रणालीत रचलेली वास्तू कोलाडा या फाइल-स्वरूपात आणता येते, आणि ती ज्या केएमएल फाइलमध्ये, म्हणजे गूगल अर्थला जागा व तपशील सांगणाऱ्या मजकुराच्या फाइलमध्ये, ठेवली जाते तिच्यात आरंभ व अंत अशा दोन तारखा लिहिता येतात. तारखा लिहिल्या की पट्टी त्या काळात शिरताच वास्तू उभी राहते आणि तो काळ संपताच नाहीशी होते. एकाच मंदिराचा गाभारा एका तारखेला, मंडप शंभर वर्षांनी आणि बाहेरचा कोट आणखी पुढे, असे थर वेगवेगळे ठेवून वास्तूचा वाढता आणि ढळता क्रम दाखवता येतो. काम चिकाटीचे आहे, फाइल हाताने लिहावी लागते आणि एक कंस चुकला तरी पडद्यावर काहीच उमटत नाही. पण त्या दोन तारखा लिहिताना माणसाला जो विचार करावा लागतो, तो सुबक चित्र काढताना करावा लागत नाही. मंडप शंभर वर्षांनी बांधला हे कशावरून, हा प्रश्न रकाना रिकामा ठेवून टाळता येत नाही.

येथेच पुनर्रचनेच्या या साऱ्या क्षेत्राची दुखरी जागा आहे. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये गूगल अर्थमध्ये इसवी सन ३२० मधल्या रोमचा थर आला होता, आणि त्यात ६७०० हून अधिक इमारती होत्या. त्यांतल्या मोजक्या इमारती पुरातत्त्वीय पुराव्यावरून तपशीलवार घडवलेल्या होत्या, तर उरलेले शहर विसाव्या शतकात इतालो जिस्मोंदी याने १:२५० या प्रमाणात घडवलेल्या प्लास्टरच्या प्रसिद्ध प्रतिकृतीवरून घेतलेले होते. अभ्यासकांनी हा भेद लपवलेला नव्हता, आणि हजारो घरांच्या गर्दीशिवाय महानगराचा भास होत नाही, हेही खरे. तरीही वरून विहार करणाऱ्या सामान्य प्रेक्षकाच्या डोळ्याला उत्खननातून सिद्ध झालेली भिंत आणि गर्दीसाठी उभे केलेले घर ही एकाच मातीची वाटतात. पुनर्रचनेत काय ठाऊक आहे, काय अनुमानाने घेतले आहे आणि काय निव्वळ भर आहे, हे प्रेक्षकाला कळले पाहिजे, असा आग्रह धरणारी लंडन सनद २००९ मध्ये तिच्या सध्याच्या रूपात आली. मी माझ्या फाइलींमध्ये एक साधी रीत पाळतो : मोजलेले ते दगडाच्या रंगात, अनुमानाचे ते राखाडी, आणि ज्याला काहीच आधार नाही ते नुसत्या रेघांत. चित्र त्यामुळे विद्रूप होते, आणि ते तसे व्हावे असेच मला वाटते. गूगल अर्थ याबाबतीत मदतही करत नाही आणि अडथळाही आणत नाही. रंग द्यायचा की नाही हे पूर्णपणे वापरणाऱ्यावर आहे.

टाइमलॅप्स या जोडसुविधेबद्दल थोडक्यात. २०२१ च्या एप्रिलमध्ये आलेल्या या सोयीत १९८४ पासूनची सुमारे २ कोटी ४० लाख उपग्रहचित्रे वर्षवार जोडून चलचित्रासारखी दाखवली आहेत. १९६० साली ज्याचा विस्तार सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर होता, तो अरल समुद्र कापसाच्या शेतीसाठी त्याच्या दोन्ही नद्या वळवल्यामुळे कसा आकसत गेला आणि २००५ च्या कोकअरल बांधानंतर त्याचा उत्तरेकडचा तुकडा कसा तग धरून राहिला, हे पाहण्यासाठी याहून चांगले काही नाही. मात्र त्यामागच्या लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांत एक ठिपका जमिनीवरच्या ३० मीटरांचा असतो. समुद्र, हिमनदी, जंगल, महानगर यांच्यासाठी ते पुरते. एखादी वास्तू तेथे दोन-चार ठिपक्यांत संपते.

उभ्या कड्यांपुढे हे साधन पूर्णपणे हतबल आहे. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या ५५ आणि ३८ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये उडवल्या गेल्या, पण वरून पाहणाऱ्याला त्या असताना आणि नसताना जवळपास सारखेच दिसते, कारण मूर्ती कड्याच्या पोटात होत्या आणि कड्याचा दर्शनी भाग चित्रात एका तुटक्या रेघेइतका येतो. त्या मूर्तींपैकी मोठीची संगणकीय प्रतिकृती झुरिकच्या ईटीएच या संस्थेतल्या संशोधकांनी तयार केली, ती रॉबर्ट कोस्तका यांनी १९७० साली मोजमापाच्या कॅमेऱ्याने जमिनीवरून घेतलेल्या छायाचित्रांमुळे. ज्याला लेणी, कोरीव दर्शनी भिंती किंवा घाटांचे काम करायचे आहे त्याने या पट्टीवर वेळ न घालवता थेट जुन्या छायाचित्रांकडे आणि फोटोग्रामेट्रीच्या, म्हणजे छायाचित्रांवरून मोजमाप काढणाऱ्या, प्रणालींकडे जावे.

नदीकाठची गावे, तटबंदी, खंदक, जलाशय, खाणी, युद्धात पडलेली शहरे यांपैकी काही शोधायचे असेल, तर मात्र सुरुवात येथूनच करावी. प्रणाली संगणकावर बसवल्यावर पहिल्यांदा पट्टी अगदी डावीकडे न्यावी आणि तेथून एकेक टप्पा पुढे यावे, कारण उलट क्रमाने पाहिल्यास आज ठाऊक असलेली इमारत डोळे जुन्या धूसर चित्रातही शोधू लागतात आणि ती नसली तरी त्यांना ती सापडते. कोपऱ्यातली तारीख दर वेळी वहीत लिहावी. हसनकेफवर जाणाऱ्याने पुलाच्या खांबांवर प्लेसमार्क, म्हणजे जागेची खूण, ठेवून मग पट्टी पुढे न्यावी. पाणी आल्यावर ते खांब कुठे होते, हे त्याशिवाय सांगता येत नाही.